फ्रान्समधल्या ल्यों शहरातील क्रुआ-रूसच्या टेकडीवरील बेकरीतल्या ताईंस

येवला, जिल्हा नाशिक
भोगी

माननीय ताई,

स. न. वि. वि.

तुमचे नाव विचारायचे राहून गेले, याची चुटपुट त्या दुपारपासून मनाला लागून राहिली आहे. तुम्हांला आमची आठवण असेल तर ती बहुधा माझ्या आईमुळेच असेल. नऊवारी नेसलेली, गळ्यात तुळशीची माळ असलेली, एकाहत्तर वर्षांची एक बाई सप्टेंबरातल्या एका दुपारी तुमच्या दुकानाच्या पायरीवर टेकली होती, आणि शेजारी तिची पिशवी धरून मी उभी होते. हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण मनातले नेमके मला याच भाषेत मांडता येते. पुण्यात फ्रेंच शिकणारी माझी भाची त्याचा अनुवाद करून देणार आहे आणि तो या पार्सलसोबत तुमच्या हाती पडेल. मूळ पत्र मात्र मी आमच्या लोकांसमोर उघडपणे ठेवते आहे, कारण तुम्ही जे केलेत त्याचे आभार घरातल्या घरात मानून माझे समाधान होणार नाही.

आधी थोडे आमच्या प्रवासाविषयी. आम्ही आमच्याच राज्यातल्या एका सहल कंपनीबरोबर आलो होतो. पैसे भरण्यापूर्वी मी तिथल्या माणसाला दोनदा विचारले होते की आई माळकरी आहे, तिला अंडेसुद्धा चालत नाही, तर तिच्या खाण्याची सोय होईल का. 'शुद्ध शाकाहारी, अगदी निर्धास्त राहा,' असे उत्तर मिळाले होते आणि माहितीपत्रकातही ते ठळक छापलेले होते. पाचव्या दिवशी सकाळी हॉटेलात न्याहारीला केक ठेवला होता. त्यात अंडे आहे का, असे मी आमच्या सहल व्यवस्थापकांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, 'अहो, दिसतंय का कुठे अंडं? परदेशात आल्यावर एवढं चालवून घ्यायचं असतं.' आईने हातातली बशी खाली ठेवली आणि एक केळे घेतले. ती काही बोलली नाही. पुढचे दोन दिवस तिने आपल्या घरून आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीवर आणि केळ्यांवर काढले, आणि हे मी शेजारी बसून बघत होते.

ल्योंला आम्ही ज्या दिवशी पोहोचलो, त्या दिवशी बसला उशीर झाला होता. म्हणून कार्यक्रमातली 'विणकरांची टेकडी', म्हणजे तुमची क्रुआ-रूस, रद्द झाली आणि तिच्या जागी खरेदीसाठी मोकळा वेळ मिळाला. त्याआधी शहर दाखवून झाले होते, तेही तीन तासांत. बेलकूरच्या विस्तीर्ण तांबूस चौकात चौदाव्या लुईच्या अश्वारूढ पुतळ्याजवळ फोटो झाले. सोन नदीपलीकडच्या जुन्या वस्तीत सें-जां कॅथेड्रलमधले चौदाव्या शतकातले खगोलीय घड्याळ आम्ही उभ्या उभ्या पाहिले. दोरीने ओढल्या जाणाऱ्या छोट्या रेल्वेने फुर्व्हिएरच्या टेकडीवर गेलो. तिथली बॅसिलिका 1872 मध्ये बांधायला घेतली आणि 1896 मध्ये तिचा अभिषेक झाला. तिच्या मागच्या कठड्यावरून सोन आणि रोन या दोन नद्या, त्यांच्यामधला शहराचा लांबट पट्टा आणि लाल कौलांची दाटी एका नजरेत दिसते. तिथे उभे राहून गाईडने उत्तरेकडे हात केला आणि सांगितले की ल्योंचे लोक या टेकडीला प्रार्थना करणारी टेकडी म्हणतात आणि समोरच्या क्रुआ-रूसला राबणारी टेकडी म्हणतात. हे आईला समजावून सांगितले, तेव्हा ती त्या दुसऱ्या टेकडीकडे बघतच राहिली. एवढ्या लांब ती जिच्यासाठी आली होती, ती टेकडी समोर दिसत होती आणि आम्हांला तिथे नेले जाणार नव्हते.

ताई, तिला तिथे का जायचे होते, हे त्या दिवशी मला तुम्हांला सांगता आले नाही. माझ्या आईने चाळीस वर्षे हातमागावर पैठणी विणली आहे. आमच्या येवल्यात पैठणीचा पदर अजूनही हाताने भरतात. रंगारंगाच्या रेशमाच्या लहान लहान तिल्ल्या ताण्याच्या धाग्यांतून फिरवत एकेक मोर, एकेक पोपट उभा करावा लागतो, आणि कोणता धागा कुठे उचलायचा हे विणणारी मनात मोजत असते. पुढे आमच्या आळीत काही मागांवर काठाच्या नक्षीसाठी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असलेले यंत्र आले. त्याला सगळे 'जेकार्ड' म्हणतात. तो कुठलासा इंग्रजी शब्द असेल, अशीच आईची समजूत होती. जोझेफ मारी जाकार नावाच्या माणसाचे ते आडनाव आहे, तो 1752 मध्ये ल्योंमध्ये एका विणकराच्याच घरी जन्मला आणि 1804 च्या सुमारास त्याने तो माग सिद्ध केला, हे भाचीने तिला वाचून दाखवले, तेव्हापासून तिने एकच धोशा लावला होता की त्या माणसाचे गाव मला एकदा बघू दे.

म्हणून खरेदीला न जाता आम्ही दोघी मेट्रोने वर आलो. सी मार्गाची ती गाडी दातेरी रुळावरून चढ चढते. वरच्या चौकात जाकारचा पुतळा आहे. आईने त्याच्यासमोर चपला काढल्या, हात जोडले आणि बराच वेळ ती उभी राहिली. मग आम्ही गल्ल्यांतून हिंडू लागलो. विणकरांची ती उंच घरे आणि त्यांच्या लांबच लांब खिडक्या तिने पाहताक्षणी ओळखल्या. 'माग उंच असणार गं यांचा, म्हणून छत एवढं वर,' असे ती म्हणाली, आणि ते खरेच आहे. जाकारचा माग आत मावावा म्हणून त्या घरांची छते सुमारे चार मीटर उंच ठेवलेली आहेत. ती हे बोलली आणि चार पावलांवर तिला भोवळ आली. सकाळपासून तिच्या पोटात एक केळे आणि कपभर दूध एवढेच होते. जवळ तुमच्या दुकानाची पायरी होती. तिथे ती बसली.

त्याआधी, खाली शहरात, एका खानावळीच्या बाहेरच्या खुर्चीवर ती क्षणभर टेकली होती, तर तिथल्या माणसाने हातानेच उठायची खूण केली होती. त्यामुळे तुम्ही दार उघडून बाहेर आलात, तेव्हा तुम्हीही उठवणार असेच आम्हांला वाटले. आई धडपडत उठायला लागली. तुम्ही तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बसवलेत, आत गेलात आणि खुर्ची आणि पाण्याचा ग्लास घेऊन आलात. मग पुन्हा आत जाऊन कागदाच्या तुकड्यावर एक क्रुआसां घेऊन आलात. एका अनोळखी बाईची भूक तुम्ही न सांगता ओळखली होती. मी हात जोडून नको म्हणाले. मला फ्रेंच येत नाही, तुम्हांला इंग्रजीचे मोजके शब्द येत होते. 'एग, नो' एवढे मी म्हणू शकले. आता त्यावर हसणे, खांदे उडवणे, नाही तर थोडे चालते असे समजावणे, हे सगळे मागच्या काही दिवसांत आम्ही पाहिले होते.

तुम्ही कानावरची पेन्सिल काढलीत आणि पावाच्या कागदी पिशवीवर एक अंडे काढलेत. त्यावर फुली मारलीत आणि प्रश्नार्थक नजरेने माझ्याकडे न बघता आईकडे बघितलेत. आईने मान हलवली. मग तुम्ही आम्हांला आत नेलेत आणि काचेच्या कपाटासमोर उभे राहून एकेक पदार्थ दाखवत गेलात. क्रुआसांवर तुम्ही हवेत कुंचला फिरवून दाखवलात आणि फुली मारलेल्या अंड्यावर बोट ठेवलेत, म्हणजे पिठात नसले तरी वरची ती चकाकी अंड्याची होती. हे तुम्ही सांगितले नसते तर आम्हांला कधीही कळले नसते. गुलाबी प्रालीनच्या, म्हणजे साखरेचे थर चढवलेल्या बदामांच्या, तार्तकडे आई कौतुकाने बघत होती, कारण तो डाळिंबी रंग खरेच दृष्ट लागण्यासारखा होता. तिच्या खालच्या पोळीवर बोट ठेवून तुम्ही पुन्हा अंडे दाखवलेत. पेटीतली ती हिरवी, उशीच्या आकाराची मिठाईही तुम्ही स्वतःच बाजूला सारलीत आणि बाटली ओतल्याची खूण केलीत, कारण तिच्या आतल्या चॉकलेटात मद्याचा अंश असतो. ती उशी 1643 मधल्या प्लेगच्या वेळच्या नवसाची आठवण आहे, नगरशेठांनी फुर्व्हिएरच्या मेरीमाउलीला रेशमी उशीवर ठेवून मेणबत्ती आणि सोन्याचे नाणे वाहिले होते, हे मी परत आल्यावर वाचले. त्या वेळी मला एवढेच दिसत होते की एक दुकानदार आपलाच माल एकामागून एक गिऱ्हाइकासमोरून बाजूला करते आहे.

शेवटी तुम्ही एका मोठ्या काचेच्या बरणीजवळ थांबलात. तिच्यात गुलाबी साखरेचे खडबडीत दाणे होते. कागदावर तुम्ही एक बदाम काढलात, त्याशेजारी साखरेचा खडा काढलात आणि दोन्हींपुढे बरोबरची खूण केलीत. बरणीचे झाकण उघडलेत, डाव हातात घेतलात आणि थांबलात. तो डाव बाहेरच्या ट्रेमध्ये पडलेला होता, त्याच ट्रेमध्ये जिथे तार्तचे तुकडे होते. तुम्ही तो खाली ठेवलात, मागच्या बेसिनपाशी गेलात, साबण लावून हात धुतलेत, दुसरा डाव धुतलात, तो कोऱ्या फडक्याने पुसलात, गल्ल्यावर नवा कागद अंथरलात आणि मग बरणीत डाव घातलात. आमच्या मागे रांगेत तीन माणसे उभी होती. त्यांपैकी कोणीही कुरकुर केली नाही.

ताई, या पत्राचे कारण तो धुतलेला डाव आहे. खुर्चीचे आणि पाण्याचे उपकार आहेतच, पण आईला भूक लागली आहे हे कोणालाही दिसले असते. तिच्या गळ्यातल्या माळेचा अर्थ तुम्हांला ठाऊक नव्हता. पंढरीची वाट तुम्ही पाहिलेली नाही, माळ घालताना काय शब्द द्यावा लागतो हे तुम्हांला कोणी सांगितलेले नाही. त्या बाईने कोणाला तरी काही शब्द दिला आहे आणि तो ती पाळते आहे, एवढे तुम्ही तिच्या चेहऱ्यावरून जाणलेत आणि तो शब्द तुमच्या दुकानात मोडू नये याची काळजी घेतलीत. 'का' हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. ज्यांना का ते पुरते ठाऊक होते, ज्यांच्या स्वतःच्या घरी माळकरी माणसे आहेत, त्यांनी तिला चालवून घ्यायला सांगितले होते. मी रागाने लिहिते आहे हे मला कळते, पण हा राग खरा आहे आणि तो मला लपवायचा नाही.

पहिला दाणा तोंडात टाकल्यावर आईने जे उद्गार काढले, त्यांवर मी हसले आणि माझे डोळेही भरले, आणि ते तुम्हांला समजावता आले नाही. ती म्हणाली, 'अगं, हा तर आपला हलवा!' उद्या आमच्याकडे मकरसंक्रांत आहे. त्यासाठी या कोरड्या थंडीत तिळाचा हलवा करतात. मंद शेगडीवर परातीत तीळ घ्यायचे, त्यांवर साखरेचा पाक चमच्याचमच्याने घालायचा आणि बोटांनी ते दाणे सतत फिरवत राहायचे. पाक सुकत जातो, थरावर थर चढतो आणि तासन्तास हे चालू ठेवले की प्रत्येक दाण्याला काटा फुटतो. तुमचे प्रालीनही असेच होते, फिरत्या कढईत गरम बदामावर पाकाचे थर चढवून. तो खडबडीत काटा आईने जिभेने ओळखला. तिने तो दाणा दातांखाली फोडला, आत बदाम लागला, तेव्हा ती तुमच्याकडे बघून परातीत दाणे फिरवल्याची खूण करू लागली. तुम्हीही तीच खूण केलीत. गल्ल्याच्या दोन बाजूंना दोघी जणी हवेत हात फिरवत उभ्या होतात, आणि रांगेतली माणसे थांबली होती.

प्रालीनची पुडी आणि एक बॅगेट तुम्ही आमच्या हातात ठेवलेत. पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट, एवढी चारच चित्रे तुम्ही पिशवीवर काढलीत आणि त्यापुढे मोठी बरोबरची खूण केलीत. या पावाच्या कारागिरीला युनेस्कोने 2022 मध्ये वारशाचा मान दिला, तो का दिला हे त्या दिवशी आईला पहिल्या घासाला कळले. पैसे मात्र तुम्ही फक्त बॅगेटचे घेतलेत. मग आईने माग चालवल्याची खूण करून चौकाकडे बोट दाखवले, तेव्हा तुम्ही 'आ, कानू!' असे म्हणून पिशवीच्या दुसऱ्या बाजूला रस्ते काढून दिलेत. ल्योंच्या रेशीम विणकरांना कानू म्हणतात, हे तोपर्यंत आईलाही माहीत झाले होते.

त्या पिशवीच्या नकाशावर आम्ही ल्यों पाहिले. सकाळच्या तीन तासांत आम्हांला एक सुंदर शहर दाखवले गेले होते, ते दुपारी आमच्या ओळखीचे झाले. विणकरांच्या संग्रहालयात एका कारागिराने जुना माग चालवून दाखवला. या टेकडीवर मागाच्या आवाजालाच 'बिस्तांक्लाक' असे नाव आहे. तो आवाज सुरू झाला तशी आई डोळे मिटून ऐकत राहिली. जाकारच्या आधी नक्षीचे धागे ओढायला मागाजवळ पोरे बसवत, हे तिथे कळल्यावर तिने त्या पुठ्ठ्यांवरून हळूच बोट फिरवल्यासारखे केले, हात न लावता. 1831 मध्ये इथल्या कानूंनी मजुरीचा किमान दर ठरवून मागितला, व्यापाऱ्यांनी तो पाळायचे नाकारले आणि 'काम करून जगू, नाही तर लढून मरू' असे लिहिलेला काळा झेंडा घेऊन हे लोक टेकडी उतरून शहरात गेले, हे मी तिला वाचून सांगितले. व्यापाऱ्याकडून रेशीम आणायचे, विणून द्यायचे आणि तो देईल ती मजुरी घ्यायची, हा व्यवहार तिने जन्मभर केला आहे. 'मजुरी ठरवून द्या म्हणाले, एवढंच ना?' असे तिने विचारले. ती त्यानंतर बराच वेळ गप्प होती.

कानूंच्या त्या प्रचंड भित्तिचित्राशीही तुमच्या नकाशाने आम्हांला नेले. बाराशे चौरस मीटरच्या सपाट भिंतीवर 1987 मध्ये रंगवलेला तो जिना इतका हुबेहूब आहे की आई त्या पायऱ्यांकडे चार पावले गेली. शेवटी तुम्ही पिशवीवर एक गोल धोंडा काढला होता, तोही सापडला. हिमनदीने आल्प्समधून वाहून आणलेला आणि रेल्वेचा बोगदा खोदताना निघालेला तो मोठा दगड टेकडीच्या पूर्वेच्या कडेला ठेवला आहे. तिथल्या बाकावर रोन नदीकडे तोंड करून आम्ही बसलो. आईने बॅगेट मोडले, पिशवीतून चटणीचा डबा काढला आणि चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली. उतरताना व्होरासच्या अंगणातला तो सहा मजली दगडी जिना आम्ही सावकाश, कठड्याला धरून उतरलो. इमारतींच्या पोटातून जाणाऱ्या ज्या बोळांना तुमच्याकडे त्राबूल म्हणतात, त्यांतून विणकर रेशमाचे गठ्ठे पावसात न भिजवता खाली नेत असत. 'बाई ओझं घेऊन रोज उतरली असेल,' असे म्हणत आई पायरीपायरीला थांबत होती.

जग हिंडून आल्यावर लोक इमारतींचे वर्णन करतात आणि मीही वर तेच केले आहे. पण आमच्याकडे एखाद्याच्या घरी पाहुणा गेला की त्याला काय चालते आणि काय नाही हे आधी विचारायची रीत होती. पंगतीत उपासकऱ्याचे पान वेगळे मांडायचे, वाढणारा हात धुऊन यायचा आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नसे. ही रीत आपल्याकडे पातळ होत चालली आहे, आणि पैसे घेऊन सोय पुरवणाऱ्यांनी तर ती सोडूनच दिली आहे असे मला अनुभवाने म्हणावे लागते. ती मला तुमच्या गल्ल्यावर सापडली. माणसाला मान देण्यासाठी त्याचा धर्म समजावा लागत नाही, हात मात्र धुवावे लागतात, हे मी माझ्या मुलीला सांगितले आहे.

तुमची पिशवी आईने जपून ठेवली आहे. पैठणीच्या कागदात गुंडाळून ती ट्रंकेत आहे, अंड्यावरची फुली आणि बदामापुढची खूण दोन्ही अजून स्पष्ट दिसतात. गेले आठ दिवस ती पहाटे उठून शेगडीपाशी बसते आहे. या वर्षी थंडी चांगली पडल्यामुळे हलव्याला काटा छान आला आहे. सोबतच्या डब्यात तो तुमच्यासाठी पाठवते आहोत, आणि त्याच्याखाली आईने विणलेली वीतभर रुंदीची रेशमाची पट्टी आहे, तिच्यावर दोन पोपट आहेत. डोळ्यांनी आता साथ सोडली आहे, तरी दोन्ही पोपट तिने माझी मदत न घेता भरले.

डब्याचे झाकण मी बंद करत होते, तेव्हा तिने ते माझ्या हातातून घेतले, नातीची पेन्सिल मागितली आणि त्यावर एक अंडे काढून फुली मारली. शेजारी तीळ आणि साखरेचा खडा काढला आणि दोन्हींपुढे बरोबरची खूण केली. उद्याची संक्रांत आहे, म्हणून तिचा निरोप तिच्याच शब्दांत लिहिते: तिळगूळ घ्या, गोड बोला.

आपली कृतज्ञ,
येवल्याच्या विणकरणीची मुलगी